गाडीच्या मीटरमध्ये बर्फाचं चिन्ह लागलं, म्हणजे नेमकं काय?

हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार. डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये कानात इअरफोन असूनही धड काही ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. त्यामुळे ज्यांचं अर्धंच ऐकून झालंय, त्यांनी उरलेलं इथे वाचा.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे सुचला. डोंबिवली एमआयडीसीत राहणारा आपला एक श्रोता विचारतो, "दादा, आमच्या गाडीच्या मीटरमध्ये बर्फाचं चिन्ह लागलंय. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि एसी तर थंडच करत नाहीये. गॅरेजवाला म्हणतो गॅस संपलाय, भरून टाकू. भरू का?"

माझं उत्तर एवढंच होतं: थांब, आधी सेन्सर बघ. असं का, ते आज नीट समजून घेऊ. कारण हे चिन्ह कुठे लागलंय हे कळलं नाही, तर इथे खिसा कापला जातो. आणि थंड प्रदेशात गाडी चालवत असाल, तर प्रकरण जिवावर बेतू शकतं.

चिन्ह एक, अर्थ दोन

सहा पाकळ्यांच्या फुलासारखं दिसणारं हे चिन्ह गाडीत मुख्यतः दोन ठिकाणी असतं.

पहिली जागा एसीचं बटण. बटणावरचा किंवा त्याच्या बाजूचा छोटा दिवा लागला, म्हणजे तुम्ही एसी चालू केलाय. ही वॉर्निंग नाही, घाबरायचं काही कारण नाही.

दुसरी जागा स्टिअरिंगसमोरचं मीटर, बहुतेक वेळा बाहेरचं तापमान दाखवणाऱ्या आकड्याच्या शेजारी. इथे चिन्ह लागलं, म्हणजे गाडी सांगतेय, "बाहेर खूप थंडी आहे, रस्त्यावर बर्फ असू शकतो, सांभाळून चालव." या चिन्हाचा एसीशी थेट संबंध नाही.

याशिवाय काही एसयूव्हींमध्ये 'स्नो' नावाचा ड्रायव्हिंग मोड असतो. चुकून तो बटण किंवा नॉब फिरवून लावला गेला, तरी बर्फाचं चिन्ह दिसतं. नॉर्मल मोडवर आणा, विषय संपला. आणि बऱ्याच मारुती गाड्यांत सकाळी स्टार्ट केल्यावर निळ्या रंगाचं थर्मामीटर दिसतं, ते बर्फाचं चिन्ह नाही. इंजिन अजून गार आहे, एवढंच ते सांगतं. थोडं चाललं की आपोआप जातं.

० नाही, ४ अंशांनाच का?

पाणी ० अंश सेल्सिअसला गोठतं, हे शाळेत शिकलोय. मग गाडी आधीच का ओरडते? स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या गाड्यांत हे चिन्ह बाहेरचं तापमान ४ अंशांच्या खाली गेलं की लागतं. बीएमडब्ल्यूमध्ये ३ अंशांना इशारा येतो.

कारण साधं आहे. गाडीचा सेन्सर मोजतो हवा, आणि बर्फ जमतो रस्त्यावर. निरभ्र रात्री रस्ता आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो आणि हवेपेक्षाही गार होतो. म्हणजे हवा ३ अंशांवर असली, तरी डांबर शून्याला टेकलेलं असू शकतं. पुलांचं तर आणखी वाईट. त्यांच्या खाली जमीन नाही, मोकळी हवा आहे. ते वरून आणि खालून दोन्हीकडून गार होतात, म्हणून सगळ्यात आधी तिथे बर्फ धरतो.

आपल्याकडे हे चिन्ह लागेल का?

खरं सांगू? ठाणे-कल्याण-डोंबिवलीत नाही. मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चं. आपल्याकडे पारा १४-१५ वर आला की स्वेटर आणि कानटोप्या बाहेर निघतात.

पण कल्याणहून कसारा घाट चढून नाशिकमार्गे निफाडकडे गेलात, तर गोष्ट बदलते. निफाड परिसरात कडाक्याच्या थंडीत पारा काही पहाटे ४ अंशांच्याही खाली जातो. द्राक्षबागा वाचवायला शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या बहुतेक हिवाळ्यांत येतात. अशा ठिकाणी पहाटे मीटरमध्ये हे चिन्ह लागलं, तर गाडी बिघडलेली नाही. तिचं काम ती करतेय.

मग डोंबिवलीत, मे महिन्यात?

आता येऊ आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे. बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या किंवा जाळीच्या मागे असतो, काही गाड्यांत बाजूच्या आरशाखाली. त्याच्या आत एक बारीक थर्मिस्टर असतो. थंडी वाढली की त्याचा विद्युतरोध वाढतो, गरमी वाढली की कमी होतो. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर तापमान ओळखतो.

आता समजा वायर तुटली किंवा कपलर निसटला. वीज जायला वाटच नाही, म्हणजे रोध प्रचंड. कॉम्प्युटरला वाटतं, बापरे, बाहेर भयंकर थंडी! म्हणून बऱ्याच गाड्यांत अशा वेळी मीटरवर थेट उणे ४० अंश दिसतात. काही गाड्या आकड्याऐवजी फक्त दोन रेघा दाखवतात.

आणि गंमत पुढे आहे. बाहेर खूप थंडी असेल तर बऱ्याच गाड्या एसीचा कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाहीत, त्याचं नुकसान होऊ नये म्हणून. म्हणजे सेन्सरने खोटं सांगितलं, कॉम्प्युटरने विश्वास ठेवला, आणि भर उन्हात तुमचा एसी गरम हवा फेकतोय. गॅस पूर्ण आहे, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. बिघाड आहे तो एका छोट्या सेन्सरचा किंवा निसटलेल्या कपलरचा. अशा वेळी गॅस भरून पैसे जातात आणि एसी तसाच राहतो.

वायर तुटायला आपल्याकडे कारणांची कमी नाही. पार्किंगमध्ये बंपरला लागलेला धक्का, पावसात साचलेल्या पाण्यातून काढलेली गाडी, बंपर रंगवायला काढला आणि परत बसवताना कपलर लावायचा राहिला. आणि सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर, त्यांना विसरून कसं चालेल!

गॅरेजला जाण्याआधी हे बघा

एक, बाहेरच्या तापमानाचा आकडा वाचा. उन्हात उभ्या गाडीत किंवा शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तो खऱ्यापेक्षा काही अंश जास्त दिसणं नॉर्मल आहे, कारण तापलेला रस्ता आणि इंजिन दोन्ही जवळ असतात. पण भर दुपारी तो खूप कमी दिसत असेल, तर सेन्सरवर संशय घ्या.

दोन, इंजिन चालू ठेवून एसीचं बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर लागताना 'टक्' असा आवाज येतो आणि इंजिनच्या आवाजात किंचित फरक पडतो. काहीच जाणवलं नाही, तर कॉम्प्रेसरपर्यंत आदेशच पोचत नसेल.

तीन, मेकॅनिकला सांगा, "आधी स्कॅनर लावा, बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरचा एरर आहे का बघा, आणि कपलर तपासा." गॅसचं प्रेशर त्यानंतर.

चार, प्रेशर खरंच कमी निघालं, तर विचारा, "गळती कुठे आहे?" एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद पाइपांत फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळतंय. ते न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आणि एसीच्या बटणावरचा दिवा सतत उघडझाप करत असेल, तर काही गाड्यांत तो एसीतल्या बिघाडाचा इशारा असतो. तुमच्या मॉडेलसाठी काय, ते गाडीच्या पुस्तकात बघा. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेलं असतं ते.

बटणावरचं चिन्ह आपल्या खऱ्या कामाचं

आपल्या भागात रोजच्या उपयोगाचं आहे ते हे बटण. जुलैमध्ये घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर अचानक काच धुरकट होते, पुढचं काही दिसत नाही. बरेच जण एका हाताने फडका फिरवतात. त्यापेक्षा एसीचं बटण दाबा आणि हवा पुढच्या काचेकडे वळवा. एसी हवा फक्त थंड करत नाही, तो ती कोरडीही करतो. हवेतली वाफ आतल्या थंड कॉइलवर पाणी होऊन धरते आणि गाडीखाली टपकते. थंडी वाजत असेल तर तापमान वाढवा, पण एसी चालू राहू द्या.

धुकं काचेच्या बाहेरच्या बाजूला असेल, तर उलटं करा. काच एसीने जास्त गार झालीय, म्हणून बाहेरची दमट हवा तिच्यावर जमतेय. वायपर मारा आणि थंड हवा काचेपासून दुसरीकडे वळवा.

आणखी एक. कल्याण-शीळ रोडवर तासभर अडकलात आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला, तर हे बटण लगेच बंद करा. इंजिनवरचा भार कमी होतो. तरीही काटा उतरत नसेल किंवा लाल दिवा लागला, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं उकळतं पाणी थेट अंगावर येतं.

एमएच ०५ जेव्हा मनालीला जाते

हल्ली मनालीच्या रस्त्यावर एमएच ०४ आणि एमएच ०५ च्या गाड्या आरामात दिसतात. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल टनेलचं उद्घाटन झालं आणि रोहतांग खिंड न चढता लाहौलमध्ये उतरता यायला लागलं. बोगदा ९.०२ किलोमीटरचा, समुद्रसपाटीपासून ३ हजार मीटरच्या वर. डिसेंबर २०२४ मध्ये याच बोगद्यापासून सोलंगपर्यंतच्या रस्त्यावर शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या.

तिथे मीटरमध्ये चिन्ह लागलं, की ते शंभर टक्के खरं समजा. पांढरा बर्फ दिसतो तरी. भीती असते ती ब्लॅक आइसची. हा पारदर्शक पातळ थर असतो, खालचं काळं डांबर आरपार दिसतं, आणि रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. अचानक स्टिअरिंग हलकं लागलं, टायरचा आवाज कमी झाला, तर समजा तुम्ही बर्फावर आहात.

अशा वेळी कचकन ब्रेक मारू नका, स्टिअरिंग झटक्यात फिरवू नका. ॲक्सिलरेटर हळू सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. उतारावर खालचा गिअर ठेवा, क्रूझ कंट्रोल बंद. बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्यापेक्षा १० पट अंतर लागू शकतं, म्हणून पुढच्या गाडीपासून भरपूर लांब राहा. पूल, सावलीतली वळणं आणि बोगद्याची तोंडं इथे आधीच वेग कमी करा. स्थानिक ड्रायव्हर पुढे जायला नको म्हणत असेल, तर ऐका.

निघण्याआधी ठाण्यातच एक काम उरका: रेडिएटरमध्ये काय भरलंय ते तपासा. आपल्याकडे थंडी नाही, त्यामुळे बरेच जण कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओततात. इथे ते खपून जातं. पण पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि उणे तापमानात रात्रभर उभ्या गाडीचा रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉकही फुटू शकतो. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं असेल, तर ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. वायपरच्या टाकीतलं साधं पाणीही गोठतं, हे लक्षात ठेवा.

जर्मनी-कॅनडात शिकायला गेलेल्या मंडळींनो, तुम्हाला हे चिन्ह महिनोन्‌महिने दिसणार. तिथे भाड्याची गाडी घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचं फूल कोरलंय का ते बघा. ती विंटर टायरची खूण आहे.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

बटणावर चिन्ह: एसी चालू आहे, निवांत राहा.
मीटरमध्ये चिन्ह आणि बाहेर खरंच थंडी: वेग कमी करा, अंतर वाढवा.
मीटरमध्ये चिन्ह आणि बाहेर घामाच्या धारा: गॅसच्या आधी सेन्सर तपासा.

गाडीच्या मीटरमधला दुसरा कुठला दिवा तुम्हाला छळतोय? फोटो काढून पाठवा, सोबत गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहा. फोटो गाडी उभी असताना काढायचा, चालवताना नाही. पुढच्या एपिसोडमध्ये बोलू बॅटरीच्या लाल दिव्यावर. तोवर हळू चालवा, काळजी घ्या!