जबड्याची गाठ आणि मेंदूची वाट

1957 साली कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश सर्जनकडे पाच वर्षांचा एक मुलगा आला. जबडा चारही बाजूंनी सुजलेला. थोड्याच दिवसांत जिंजाच्या रुग्णालयात तसंच दुसरं मूल दिसलं. बर्किट यांचा एक डोळा लहानपणीच गेला होता, पण दोन आवारांतली दोन मुलं जोडून पाहिली ती त्यांनीच. 1961 मध्ये जुन्या स्टेशन वॅगनमधून त्यांनी दहा हजार मैल पालथे घातले आणि हिवतापाचा पट्टा तोच या गाठीचा, म्हणजे लिम्फोमा या कर्करोगाचा पट्टा, हे दाखवून दिलं. 1964 मध्ये एपस्टाइन-बार विषाणू सापडला तो याच गाठींत. ही कीर्ती सर्वश्रुत आहे.

औषधाची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. सायक्लोफॉस्फमाइडच्या एकदोन डोसांत जबडा जवळजवळ पूर्ववत व्हायचा. मग काही आठवड्यांनी मुलाची पापणी पडायची, डोळा तिरळा व्हायचा, कुणाचे पाय लुळे पडायचे. पाठीतलं पाणी काढून तपासलं की त्यात कर्कपेशी. रक्तातलं औषध मेंदूच्या आवरणापलीकडे पुरेसं पोचतच नव्हतं. 1967 मध्ये कंपालात उभ्या राहिलेल्या उपचारकेंद्रात जॉन झिगलर आणि सहकाऱ्यांनी मेथोट्रेक्सेट हे औषध थेट कण्यातून द्यायला सुरुवात केली. डोक्याला किरणोपचार देऊनही पाहिले. पण किरणांनी फारसं साधलं नाही.

पुढे फ्रान्स-जर्मनीतल्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटचा डोसच इतका वाढवला की रक्तातूनही ते मेंदूत उतरावं. मागोमाग फोलिनिक अ‍ॅसिड देऊन बाकी शरीर सांभाळायचं. लहान मुलांच्या डोक्यावरचा किरणोपचार त्यामुळे टळला. मला या साऱ्या कहाणीतला सर्वांत मोठा विजय हाच वाटतो. कंपालात काम केलेले इयन मॅग्रथ पुढे मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या सुरेश अडवाणींशी जोडले गेले आणि आपल्याकडच्या मुलांसाठी एमसीपी-842 ही उपचारपद्धती आली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका वेगळ्या चाचणीत मेंदूत पसरलेल्या आजाराची मुलंही होती. केमोला रिटुक्सिमॅब या औषधाची जोड दिल्यावर तीन वर्षं आजार न उलटलेली मुलं 82 वरून 94 टक्क्यांवर गेली.

ही गाठ एकदोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. मुलाच्या जबड्यावर किंवा पोटात झपाट्याने वाढणारी सूज, वाकडा झालेला चेहरा किंवा एकाचे दोन दिसणं यांपैकी काहीही आढळलं, तर दाताचं किंवा जंताचं औषध देत आठवडे घालवू नका. बायोप्सीची सोय असलेलं रुग्णालय लगेच गाठा.