ऑक्सिजनचा हिशेब दिल्लीत कोण विचारतो?

बाळापूर तालुक्यातील एका वाचकाचे पत्र गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर आहे. त्यांनी लिहिले आहे, ‘‘आपण दमा, मधुमेह, डेंग्यू यांवर लिहिता, ते आम्ही आवडीने वाचतो. पण एप्रिल २०२१ मध्ये माझ्या थोरल्या भावाला ऑक्सिजन वेळेवर मिळाला नाही आणि तो गेला. एवढा ऑक्सिजन लागेल हे सरकारात कोणालाच आधी कळले नव्हते काय?’’

हा प्रश्न आरोग्याच्या सदरात बसतो की राजकारणाच्या पानावर, याचा मी बराच विचार केला. शेवटी वाटले की, भाऊ ज्या आजाराने गेला तो आजार आरोग्याचा, तेव्हा प्रश्नही आरोग्याचाच. म्हणून आज औषधपाण्याचा विषय बाजूला ठेवतो.

आधी थोडे गणित. ज्याला आपण जम्बो सिलिंडर म्हणतो, त्यात सुमारे सात हजार लिटर ऑक्सिजन मावतो. रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागत असेल, तर एक सिलिंडर साधारण साडेअकरा तास पुरतो. म्हणजे एका रुग्णाला दिवसाला दोन सिलिंडर. वीस खाटांच्या वॉर्डात असेच वीस रुग्ण असले की दिवसाला चाळीस. त्यातील एखाद्याला हाय फ्लोच्या यंत्रावर मिनिटाला साठ लिटर द्यावे लागले, तर तोच सिलिंडर दोन तासही टिकत नाही. त्या एप्रिलमध्ये रात्री अकराच्या सुमारास एका रुग्णाचा मुलगा मला म्हणाला होता, ‘‘साहेब, हे तं दोन घंट्यात सरते, मंग काय करू?’’ सिलिंडर भरून देणाऱ्या प्लँटसमोर तो दुपारपासून रांगेत उभा राहून आला होता. माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याचा खांदा दाबला आणि आत गेलो.

आता पत्राच्या प्रश्नाकडे येतो. आधी कळले होते काय? थोडेफार कळले होते, आणि ते छापीलही होते.

संसदेत खात्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्थायी समित्या १९९३ पासून काम करतात. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ खासदार असतात. त्यांत सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही बाजूंचे लोक बसतात. बैठक बंद दाराआड होत असल्याने भाषणबाजी कमी आणि काम अधिक होते, असा अनुभव आहे. समिती मंत्र्यांना बोलावीत नाही, ती सचिवांना समोर बसवून विचारते. आरोग्य खात्याच्या समितीचे अध्यक्ष त्या वेळी राज्यसभेतील ज्येष्ठ सदस्य राम गोपाल यादव होते. ‘कोविड-१९ महामारीचा उद्रेक आणि त्याचे व्यवस्थापन’ या विषयावरील समितीचा १२३ वा अहवाल २१ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यसभेच्या सभापतींना सादर झाला. त्या वेळी अधिवेशन चालू नव्हते, आणि त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन पुढे भरलेच नाही. त्याआधीच्या सप्टेंबरमधील अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही नव्हता. म्हणजे ज्या वर्षी सर्वांत जास्त विचारायचे होते, त्या वर्षी विचारायला वेळ सर्वांत कमी मिळाला.

सरकारी रुग्णालयांत खाटा अपुऱ्या आहेत, आरोग्यावरचा खर्च फार कमी आहे, राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये ठरविलेले राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट लवकर गाठा, असे या अहवालात आहे. ऑक्सिजनविषयीही आहे. सिलिंडरच्या किमतीवर मर्यादा घाला, पुरेसे उत्पादन होईल असे पाहा, असे समितीने सुचविले. त्यापूर्वी ऑक्टोबरमध्ये आरोग्य सचिवांनी समितीला आकडे दिले होते. देशाचे रोजचे उत्पादन सुमारे ६,९०० टन, आणि पहिल्या लाटेच्या ऐन भरात, सप्टेंबरच्या अखेरीस, रुग्णांसाठी रोजचा वापर सुमारे ३,००० टन. कागदावर पाहिले तर निम्म्याहून अधिक शिल्लक. पुढे समितीच्या अहवालाला उत्तर देताना देश ऑक्सिजनबाबत स्वयंपूर्ण असल्याचे मंत्रालयाने कळविले.

यानंतरच्या तारखा आपल्या वऱ्हाडच्या आहेत. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली, अकोल्यातही निर्बंध आले. महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेची पहिली खूण आपल्या भागात दिसली. अहवालाची तारीख आणि या टाळेबंदीची तारीख यांत तीन महिने आणि एक दिवस आहे.

तीन महिन्यांत काय झाले असते, असे कोणी विचारील. मलाही वाटते की सारे काही झाले नसते. समितीनेही एवढ्या मोठ्या लाटेचे भाकीत केले नव्हते, उगाच तिला ज्योतिषी ठरवू नये. परंतु एक काम हाती होते आणि ते मोजता येते. जिल्हा रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी पीएसए यंत्रे बसविण्याचे ठरले होते. त्यांची निविदा आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील सेंट्रल मेडिकल सर्व्हिसेस सोसायटीने ऑक्टोबर २०२० मध्ये काढली. जानेवारी २०२१ मध्ये १६२ यंत्रांसाठी पीएम केअर्स निधीतून २०१ कोटी ५८ लाख रुपये मंजूर झाले. १८ एप्रिल २०२१ रोजी आरोग्य मंत्रालयानेच सांगितले की त्यांपैकी ३३ बसली आहेत. पैसा होता, यादी होती, निविदा होती. रुग्णाच्या नाकापर्यंत जाणारी नळी मात्र १२९ ठिकाणी पोचली नव्हती.

दुसरी अडचण अंतराची. द्रवरूप ऑक्सिजन मुख्यतः पोलाद कारखान्यांत तयार होतो, ते बहुतेक पूर्वेकडे. तो उणे १८३ अंशांखाली थंड ठेवून खास टँकरमधूनच आणावा लागतो, आणि असे टँकर देशात मोजके. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन देशातील पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली. टँकरची उंची घाटातील बोगद्यांत बसत नसल्याने तिला वसई, सुरत, भुसावळ असा वळसा घ्यावा लागला. तिथून पुढे ती आपल्या अकोल्याच्या रुळांवरूनच नागपूरकडे गेली. परत येताना तीन टँकर नागपूरला उतरले, उरलेले चार पुन्हा अकोल्यावरूनच नाशिकला गेले. ही गाडी धावत असतानाच, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा थांबला आणि बावीस रुग्ण दगावले. ऑक्सिजन नुसता असून चालत नाही, टाकी, नळ्या आणि झडपा पाहणारा माणूसही लागतो.

दुसऱ्या लाटेत रोजची मागणी सुमारे ९,००० टनांवर गेली. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत प्रश्न आला तेव्हा आरोग्य राज्यमंत्री, आपल्याच दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार डॉ. भारती पवार यांनी सांगितले की, ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी वेगळे असे कळविलेले नाही. शब्द नीट वाचावेत. मृत्यू झाले नाहीत असे वाक्य त्यात नाही, राज्यांनी कळविले नाहीत असे आहे. मृत्यूच्या दाखल्यावर आम्ही डॉक्टर श्वसनसंस्था निकामी असे लिहितो, सिलिंडर संपला असे लिहीत नाही. तेव्हा कळविणार कोण आणि कशावरून? बाळापूरच्या त्या भावाच्या दाखल्यावरही आजाराचेच नाव असणार.

इथे समितीने जे केले ते मला महत्त्वाचे वाटते. सप्टेंबर २०२२ मध्ये, दुसऱ्या लाटेवरील १३७ व्या अहवालात, तिने आपलाच जुना अहवाल पुन्हा उघडला. ऑक्सिजनच्या तुटवड्याची शक्यता आम्ही सांगितली होती, स्वयंपूर्ण असल्याचे मंत्रालयाचे आश्वासन दुसऱ्या लाटेत उघडे पडले, असे स्पष्ट नोंदविले आणि ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची राज्यांबरोबर तपासणी करा, अशी शिफारस केली. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. परंतु सरकारला तीवर काय केले याचे लेखी उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर पटले नाही तर समिती तसे छापते. आजार बरा झाला की नाही हे पाहण्यासाठी आम्ही रुग्णाला पुन्हा बोलावतो, तशीच ही फेरतपासणी.

खर्चाचा हिशेब पाहणारी लोकलेखा समिती याहून जुनी, १९२१ पासूनची. तिचे २२ सदस्य, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा असा संकेत आहे. ती नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांवरून काम करते. पीएम केअर्स निधीचे हिशेब मात्र महालेखापरीक्षक तपासत नाहीत, सनदी लेखापाल तपासतात. त्यामुळे यंत्रे लोकांच्या रुग्णालयात, पण त्यांच्या खरेदीचा हिशेब नेहमीच्या वाटेने या समितीपुढे येत नाही. हे मला खटकते, आणि ते लिहिणे मी माझे काम समजतो.

महालेखापरीक्षकांनी आपल्या जवळच्या एका योजनेचीही तपासणी केली आहे. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेवरील त्यांचा अहवाल २०१८ मध्ये संसदेत आला आणि त्यात वर्षानुवर्षे रेंगाळलेली बांधकामे नोंदविली होती. याच योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव आहे. दीडशे कोटींपैकी केंद्राचे १२० आणि राज्याचे ३० कोटी अशी वाटणी ठरली. इमारत आणि उपकरणे या पैशातून, पण डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांचा पगार राज्याचा. पैसे दोन खिशांतून येतात तेव्हा, यंत्र आले पण चालविणारा का नाही, या प्रश्नावर दोन्ही खिसे एकमेकांकडे बोट दाखवतात. दिल्लीतील समितीला सचिव उत्तर देतात, मुंबईतील विधिमंडळाचीही स्वतःची लोकलेखा समिती आहे, आणि अकोल्यातील रुग्ण दोघांच्या मध्ये उभा असतो.

ऑक्टोबर २०२१ पर्यंत पीएम केअर्समधून देशभरात १,२२४ पीएसए यंत्रांना पैसा दिला गेला आणि त्यांतील ११०० हून अधिक सुरूही झाली. ही यंत्रे घरातल्या पाण्याच्या मोटारीसारखी आहेत. वापर नसला की अडकतात, गाळण्या बदलाव्या लागतात, वीज गेली तर जनरेटर हवा, आणि बाहेर पडणारा ऑक्सिजन ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्ध आहे का हे मोजावे लागते. डिसेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये देशभर सराव झाले, तेव्हा ती चालवून पाहिली गेली. सरावाचा दिवस वर्षातून एक, आणि बिघाड कोणत्याही दिवशी होतो.

जिल्ह्यात केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी ‘दिशा’ समिती असते आणि खासदार तिचे अध्यक्ष असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियान तिच्यापुढे येते. आपल्या ग्रामीण रुग्णालयातील ऑक्सिजनचे यंत्र शेवटचे कधी चालविले, त्याची देखभाल कोणाकडे आहे आणि त्या खर्चाची तरतूद कुठल्या शीर्षाखाली आहे, हे सरपंच, जिल्हा परिषद सदस्य किंवा साधा नागरिक लेखी विचारू शकतो. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज आहेच. बाळापूरच्या वाचकांना मी या अर्जाचा नमुना पोस्टाने पाठवीत आहे. भावाच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत त्यांनी जपून ठेवावी.

पुढील आठवड्यात: अकोल्याचा उन्हाळा आणि उष्माघात.