फिरत्या दुकानासाठी बॅटरीची अवजारे : काय घ्यावे, काय टाळावे

चादरी-टॉवेलचा सेल घेऊन गावोगाव जाणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी हेच त्याचे गोदाम, तेच कार्यालय आणि रात्री तेच घर असते. सोलापूरहून निघालेला माल आज बार्शीच्या मंगल कार्यालयात, आठ दिवसांनी लातूरला, तिथून नांदेडला. प्रत्येक ठिकाणी रॅक उभे करायचे, शेवटच्या रात्री उतरवायचे आणि पहाटे गाडी हलवायची. अमेरिकेत अशा राहत्या गाडीला आर.व्ही. म्हणतात आणि लोक सुटीत तीत हौसेने फिरतात. आपण पोटासाठी फिरतो, एवढाच फरक. पण गाडीत कोणती अवजारे ठेवावीत हा त्यांचा प्रश्न आपलाही आहे. बॅटरीवर चालणारी ड्रिल मशीन आपल्या बाजारात सर्रास मिळू लागल्यापासून अनेक व्यापारी बांधव याविषयी विचारणा करतात. मी कापडाचा माणूस, मेकॅनिक नव्हे. परंतु पैसे घालवून जो तजुर्बा मिळाला तो येथे मांडतो.

आधी कामाचा हिशोब पाहू. स्लॉटेड अँगलच्या एका रॅकला चार खांब आणि पाच पत्रे असतात. प्रत्येक कोपऱ्याला दोन बोल्ट धरले तर एका रॅकला ४० बोल्ट झाले. बारा रॅकना ४८०. लावताना ४८० आणि काढतानाही ४८०. बारा-तेराच्या पान्याने हे काम करणाऱ्या पोरांच्या मनगटांची काय अवस्था होते ते त्यांनाच ठाऊक. आमच्याकडे या कामात दुपार जायची. आता दोन माणसे अडीच-तीन तासांत मोकळी होतात, आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकाच्या आत माल मांडून होतो.

या कामासाठी दुकानदार बहुधा इम्पॅक्ट ड्रायव्हर पुढे करतो, कारण त्याचा जोर जास्त. येथेच पहिली गफलत होते. इम्पॅक्ट ड्रायव्हर आतून हातोड्यासारखे ठोके देत फिरतो. लांब स्क्रू लाकडात घालायला तो उत्तम. रॅकच्या आठ मिलिमीटरच्या बोल्टचे मात्र आटे मारतो. आमचे पहिल्याच महिन्यात डबाभर बोल्ट असे वाया गेले. रॅकसाठी ज्याच्या तोंडाशी आकड्यांची फिरती कडी असते ते साधे ड्रिल-ड्रायव्हर घ्यावे. त्या कडीला क्लच म्हणतात. मधल्या आकड्यावर ठेवली की बोल्ट ठरावीक घट्ट झाल्यावर मशीन कटकट आवाज करून पुढे फिरायचे थांबते. नवीन पोराच्या हाती दिले तरी काळजी नाही. पुढे १३ नंबरचा सॉकेट लावायचा, झाले.

आता खरी गोष्ट. मशीन नंतर, बॅटरी आधी पाहावी. एका मापाची कांडी दुसऱ्या मापाच्या धोट्यात बसत नाही, तसेच एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही. म्हणून जे पहिले मशीन तुम्ही घेता, ते घेताना पुढच्या सर्व मशीनचीही निवड होऊन जाते. बॉश, माकिटा, डिवॉल्ट यांच्या १८ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर ड्रिल, चाकाचे मशीन, दिवा, पंखा अशी कितीतरी साधने चालतात, आणि नंतरची मशीन बॅटरीविना, पर्यायाने स्वस्तात, मिळतात. तिन्हींपैकी कोणते घ्यावे? ज्याचे सर्व्हिस सेंटर आपल्या फिरण्याच्या वाटेवर आहे ते. यापेक्षा जास्त विचार करण्याची मला तरी गरज वाटलेली नाही.

बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. दोहोंचा गुणाकार केला की साठवलेली वीज वॉट-अवरमध्ये कळते. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे ३६. १८ आणि ५ म्हणजे ९०. आत लिथियमचे सेल असतात, प्रत्येक ३.६ व्होल्टचा, असे पाच ओळीने जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल थोडा वर चढतो, म्हणून काही डब्यांवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेले असते. डिवॉल्टची एकच बॅटरी अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स आणि युरोपात १८ व्होल्ट या नावाने विकली जाते. दोन व्होल्ट जास्त मिळतात म्हणून जादा पैसे मोजू नयेत. १२ व्होल्टचे लहान मशीनही तसेच, आत तीन सेल, म्हणजे खरे १०.८ व्होल्ट. ज्याला फक्त रॅक लावायचे आहेत त्याला हे लहान मशीन पुरते आणि मनगटालाही हलके पडते. चाकाचे नट आणि हवेचा पंप यांसाठी मात्र १८ हवे.

हे सेल सांगण्याचे कारण असे की बाजारात ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे छापलेली मशीन ढीगाने आली आहेत. किंमत निम्म्याहून कमी, आकडा पाचपट. टॉवेलचा माल आपण वजनावर पारखतो ना? येथेही तेच करावे. बहुतेक बॅटऱ्यांत जो जाड बोटाएवढा सेल असतो त्याचे वजन साधारण ४५ ग्रॅम. खऱ्या ८८ व्होल्टना असे २४ सेल लागतील; नुसत्या सेलचेच वजन एक किलोच्या वर गेले. हातातली बॅटरी ४०० ग्रॅम भरते, तर आत पाचच सेल आहेत आणि छापलेला आकडा खोटा आहे. जो आकड्यात खोटे बोलतो तो आतल्या संरक्षक पट्टीत काटकसर करणार नाही असे कशावरून?

ही काटकसर काय करते ते मी पाहिले आहे. २०२२ च्या मे महिन्यात बार्शीहून लातूरला निघालो होतो. गाडी मी चालवीत होतो, भाचा शेजारी. त्याने एका शहराच्या बाजारातून असेच स्वस्त मशीन घेतले होते, बरोबर दोन बॅटऱ्या फुकट. त्यांतील एक त्याने टाचण्या आणि सेफ्टी पिना ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात टाकली होती, ‘मामू, म्हणजे हरवणार नाही’ असे म्हणून. येडशीच्या पुढे रस्ता खराब होता. धक्क्यांनी टाचण्या बॅटरीच्या खाचेत शिरल्या आणि दोन्ही टोके जुळली. प्लॅस्टिक जळल्याचा वास आला म्हणून गाडी कडेला घेतली, मागचे दार उघडले, तर डब्यातल्या टाचण्या लाल झालेल्या आणि डब्याखालच्या नॅपकिनचा गठ्ठा धुमसत होता. ओल्या टॉवेलात डबा धरून रस्त्याच्या कडेला मातीत फेकला. तेथे तो फटफट आवाज करीत बराच वेळ जळत राहिला.

नुकसान सहा डझन नॅपकिनांचे झाले. पण त्याच गाडीत, त्याच गठ्ठ्यांवर सतरंजी अंथरून आम्ही दोघे आदल्या रात्री झोपलो होतो. भाच्याच्या आईला काय तोंड दाखवले असते हा विचार आजही येतो.

म्हणून सुती मालाच्या गाडीत बॅटरीचे काही नियम मी सक्तीने पाळतो. बॅटरी एक तर मशीनला लावलेली, नाही तर तोंडावर प्लॅस्टिकची टोपी बसवून वेगळ्या डब्यात. टाचण्या, खिळे, सुटे नाणे यांच्या जवळपास नाही. माणूस झोपला असताना चार्जिंग नाही, गाडीत तर नाहीच. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेमागे बॅटरी ठेवायची नाही; आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असते तेव्हा बंद गाडीत त्याहून पुष्कळ जास्त होते. वापरून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, अर्धा तास निवू द्यावी. पावसाळ्यात सेल बंद असतात तेव्हा ती अर्धी भरलेली ठेवावी, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून नव्हे. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या पूर्ण संपवूनच चार्ज करा असे आपले उस्ताद सांगत. लिथियमला ते लागू नाही, उलट पूर्ण संपवल्याने ती लवकर मरते.

बॅटरी फुगली, उंचावरून पडून चिरली, किंवा वापर नसताना गरम लागली तर ती मालापासून दूर, उघड्यावर न्यावी आणि पुन्हा चार्ज करू नये. लिथियमची आग विझल्यासारखी दिसून पुन्हा पेटते. पावडरचे सिलिंडर ज्वाळा दाबते, पण सेलला थंड करीत नाही. थंड करते ते पुष्कळ पाणी. गाडीत सिलिंडर असावेच, शेजारी पाण्याचा भरलेला कॅनही असावा. पण बॅटरी गठ्ठ्यांच्या मध्ये पेटली असेल तर माल वाचवायच्या भरीस पडू नये, आधी माणसे बाहेर काढावीत.

चार्जिंग कोठे करावे? हॉलमध्ये, दिवसा, डोळ्यांसमोर. वाटेत करायचेच असेल तर इंजिन चालू असताना. गाडीच्या लायटरच्या सॉकेटमधून साधारण १० ते १५ अँपिअर मिळतात, म्हणजे १२ व्होल्टच्या गाडीत १२० ते १८० वॉट. जलद चार्जर याहून जास्त ओढतो आणि फ्यूज जातो. साधा, सावकाश चार्जर येथे बरा. इन्व्हर्टर घ्यायचा तर शुद्ध साइन वेव्हचा. स्वस्त इन्व्हर्टरवर काही चार्जर तापतात, काही बिघडतात. गाडीच्या १२ व्होल्टवर थेट चालणारे चार्जरही काही कंपन्या काढतात, ते मिळाले तर इन्व्हर्टरची कटकटच नाही. रात्री इंजिन बंद ठेवून गाडीच्या बॅटरीवर हे उद्योग केले तर सकाळी स्टार्टर फिरणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

ड्रिलनंतर दुसरे मशीन चाकाच्या नटांसाठी. अर्ध्या इंची तोंडाचा, ३०० न्यूटन-मीटरच्या वरचा इम्पॅक्ट रेंच पुरतो. येथे मात्र ठोक्याचा जोर हवा, कारण पंक्चरवाल्याने आवळलेले आणि गंजलेले नट साध्या ड्रिलला ऐकत नाहीत. सॉकेट इम्पॅक्टचाच, काळ्या रंगाचा घ्यावा. चकचकीत सॉकेट ठोक्यांनी तडकतो. मशीन नट खोलण्यासाठी. आवळताना हाताने बसवून, समोरासमोरचे नट आळीपाळीने घेत, शेवटचा दाब पान्यानेच द्यावा. मोटारीच्या नटांना साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, मालवाहू गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात पाहावा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. मशीनने कचकचून आवळलेला नट रात्री दोन वाजता हाताने सुटत नाही, आणि बॅटरी नेमकी तेव्हाच उतरलेली असते. म्हणून लांब दांड्याचा पाना गाडीतून काढू नये.

तिसरा त्याच बॅटरीवरचा दिवा. हॉलची वीज गेली की गल्ल्यावर तो असावा, गर्दीत अंधार झाला की मालाला पाय फुटतात. हवेचा लहान पंप, दाब ठरवला की आपोआप थांबणारा, चांगला. छोट्या गाडीला बराच उपयोगी, मोठ्या टायरला फार वेळ घेतो. पंखा मला फार आवडतो. ९० वॉट-अवरची बॅटरी लहान पंख्याला मंद गतीवर रात्रभराच्या झोपेला पुरते.

ग्राइंडर घेऊ नये. ठिणग्या आणि सुती गठ्ठे यांचे जमत नाही, शिवाय तो बॅटरी खाऊन टाकतो. भिंतीला भोके पाडणारे हॅमर मशीनही नको, कार्यालयाचा मालक भिंतीला हात लावू देत नाही. ब्रशलेस मोटार जास्त चालते आणि महाग असते. आठवड्यातून दोनदा रॅक लावणाऱ्याला कार्बन ब्रशचे ड्रिल पुरते, ब्रश झिजले तर थोड्या पैशात बदलून मिळतात.

आखातात कोणी नातेवाईक असला की त्याच्याकडून मशीन मागवायची आपली सवय आहे. सुटी बॅटरी विमानात सामानात टाकता येत नाही, ती हातातल्या पिशवीतच न्यावी लागते, आणि १०० वॉट-अवरच्या वरची असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते. दुबईचा चार्जर आपल्या विजेवर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. अमेरिकेहून आणलेला चार्जर मात्र बहुधा १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर लावला की तो तत्क्षणी जातो. आणि वॉरंटी बहुधा ज्या देशात खरेदी झाली तेथेच चालते, हेही बचतीच्या हिशोबात धरावे.

येथे खरेदी करताना पक्के बिल घ्यावे, त्यावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. धंद्यासाठी घेतलेल्या अवजारांवरील कर नियमित नोंदणी असणाऱ्या व्यापाऱ्याला वजा करून मिळतो. कंपोझिशन योजनेतल्यांना मिळत नाही. बॅटरीचा अनुक्रमांकही बिलावर लिहून घ्यावा, कारण वॉरंटीत नेमकी तीच बदलून मागण्याची वेळ येते.