कॅन्सरनंतर पुन्हा सायकलवर

उपचार संपले की माणूस बरा झाला, असे घरचे धरून चालतात आणि रुग्णही. प्रत्यक्षात शेवटची सलाईन निघाल्यानंतरचे काही महिने फार फसवे असतात. आमची मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली व नंतर दर पंधरवड्याला एक याप्रमाणे बारा वेळा केमोथेरपी झाली. त्यापूर्वीची बावीस वर्षे आम्ही नागपुरात कामावर सायकलनेच जात होतो. उपचारानंतर मात्र घरचा जिना चढताना कठडा धरून उभे राहावे लागे. भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमाने सांगे, "आता नुसता आराम करा." आम्ही तो केला, आणि दीड महिन्यात थकवा उलट वाढला.

याचे कारण विद्यार्थी मित्रांनीही समजून घ्यावे. हा थकवा झोपेने जात नाही. केमोमुळे रक्तातील हिमोग्लोबिन उतरते व स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो. त्यात पडून राहिल्याने मांड्या आटतात, हृदयाची सवय मोडते. मग जरा हालले की दम लागतो, आणि दम लागतो म्हणून माणूस पुन्हा अंथरूण धरतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सूचनांत अशा थकव्यावर आठवड्यातून तीन दिवस, तीस-तीस मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. २०२५ साली आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांचा 'चॅलेंज' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया व केमो झालेल्या या रुग्णांपैकी ज्यांना तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला, त्यांच्यातील सुमारे ८० टक्के पाच वर्षांनंतर रोगमुक्त होते. ज्यांना केवळ माहितीपुस्तिका दिली, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते.

सायकलीचा फायदा असा, की अंगाचा भार सीट घेते. परंतु आमच्या केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध होते. त्याने नसांना इजा होते. थंडीत हँडलला हात लावताच झिणझिण्या येत, आणि ब्रेक किती दाबला हे बोटांना कळत नसे. म्हणून डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर पहिले दोन आठवडे आम्ही अंगणातच, सायकल मागच्या स्टँडवर उभी करून, पाच-पाच मिनिटे पायडल मारले. पत्नी हँडल धरून उभी राही. शेजारची मुले हसत, हसू द्यावीत.

रस्त्यावर आल्यावर आमची चूक झाली. तिसऱ्याच आठवड्यात जुना कामाचा रस्ता गाठण्याची हौस आली. जाताना ठीक, येताना समोरून वारा. अर्ध्या वाटेत पुलाच्या कठड्यावर बसलो, आणि मुलाने स्कूटरवरून घरी आणले. पुढचे दोन दिवस झोपून काढले. तेव्हापासून किलोमीटर मोजणे सोडले, मिनिटे मोजतो. सायकल चालवताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग कमी करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा शिल्लक असेल तर वेळ वाढवायची नाही.

लोक लान्स आर्मस्ट्राँगचे उदाहरण देतात. १९९६ साली त्याला कॅन्सर झाला व १९९९ पासून त्याने टूर द फ्रान्स सात वेळा जिंकली, हे खरे. पण उत्तेजक द्रव्यांमुळे २०१२ साली ती सर्व विजेतेपदे काढून घेण्यात आली. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येणाऱ्या रुग्णाने असल्या मापाने स्वतःला मोजूच नये.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सीटवर बसू नये. रक्तातील प्लेटलेट कमी असतील तर साध्या पडण्यानेही धोकादायक रक्तस्राव होतो. रोग हाडांत गेला असेल तर हाड मोडण्याची भीती असते. अॅड्रियामायसिनसारख्या औषधाने हृदय दुबळे होऊ शकते; ते घेतलेल्यांनी आधी हृदयाच्या तपासणीबद्दल विचारावे. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी टाके भरले म्हणून सायकल उचलून जिन्याने नेऊ नये, हर्निया होतो. केमो चालू असताना ताप १००.४ अंशांवर गेला तर व्यायामाचा विचारही नको, थेट रुग्णालय गाठावे.

आता आम्ही आठवड्यातून चार सकाळी अंबाझरी तलावाकडे अर्धा तास जाऊन येतो. बोटांचा बधिरपणा पूर्ण गेलेला नाही. हिवाळ्यात लोकरीचे हातमोजे घालतो, आणि दुकानदाराकडून ब्रेक असा घट्ट करून घेतला आहे, की थोडा दाबला तरी चाक थांबते.