एकाच बाटलीतील दोन प्रतिजैविके

नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची शंका आल्यास ॲम्पिसिलीन आणि जेंटामायसिन ही दोन प्रतिजैविके देण्याची पद्धत जगभर रूढ आहे. शरीरात ही जोडी परस्परांना पूरक ठरते. मात्र सलाईनच्या एकाच बाटलीत ती एकत्र करून ठेवल्यास चित्र उलटे होते.

पेनिसिलीन गटातील औषधांच्या रेणूत बीटा-लॅक्टम नावाचे चार अणूंचे वलय असते. जंतूंची भित्तिका उभी राहू न देण्याचे सामर्थ्य याच वलयात आहे. परंतु ते ताणलेले असल्याने सहज उघडते. जेंटामायसिनमधील अमिनो गट या वलयाशी अभिक्रिया करतो, दोन्ही रेणू जोडले जातात आणि जेंटामायसिन निष्प्रभ होते. टोब्रामायसिनचीही हीच गत होते. अमिकासिन त्या मानाने तग धरते. द्रावण मात्र स्वच्छच दिसू शकते, आणि खरी अडचण तीच आहे. रुग्णाच्या रक्ताचा नमुना नळीत पडून राहिला तरी ही क्रिया थांबत नाही. परिणामी तपासणीत जेंटामायसिनची पातळी प्रत्यक्षापेक्षा कमी आढळते आणि मात्रा अकारण वाढवली जाण्याचा धोका निर्माण होतो.

ॲम्पिसिलीन एकटे असले तरी कोणत्या द्रवात मिसळले, याला महत्त्व आहे. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे विघटन साध्या सलाईनपेक्षा लवकर होते. 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ही गती मंदावते, थांबत नाही. कुपीवर छापलेली मुदत कोरड्या भुकटीची असते. पाणी घातल्यानंतरचा हिशेब बहुधा तासांत करावा लागतो.

सेफ्ट्रायॲक्सोनचा धोका वेगळा आहे. कॅल्शियमशी संयोग होताच त्याचा साका तयार होतो. काही नवजात बालकांच्या मृत्यूनंतर फुप्फुसांत व मूत्रपिंडांत असा साका आढळला होता. त्यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2007 मध्ये इशारा दिला. 2009 मध्ये तो सुधारण्यात आला: 28 दिवसांपेक्षा मोठ्या रुग्णांना मधली नळी नीट धुऊन ही द्रव्ये एकापाठोपाठ देता येतात, नवजातांना नाही. आपल्याकडे ‘आर. एल.’ या नावाने परिचित असलेल्या रिंगर लॅक्टेटमध्येही कॅल्शियम असते. त्यामुळे सेफ्ट्रायॲक्सोन त्यात कधीही मिसळले जात नाही.