सही करण्याआधी एकदा वाडा बघून या!

लातूर-नांदेडहून पुणे, मुंबई, हैदराबादला जाऊन सेटल झालेल्या आपल्या पिढीला हल्ली एक फोन हमखास येतो. पलीकडे काका असतात. "वाड्याचं काय करायचं ते ठरवा बाई आता. बिल्डर मागं लागलाय. तुझी बी सही लागंल." आपण नेमके मीटिंगमध्ये असतो. 'करून टाका ना काका, मी येतेच सुट्टीत,' असं म्हणून फोन ठेवतो. तीन पिढ्यांच्या घराचा निकाल दीड मिनिटात!

मी लातूरची, नोकरीला पुण्यात. जुन्या घरांबद्दल गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. गळकं छत आणि अंगणापलीकडचं बाथरूम ज्यांनी वापरलंय त्यांना 'हेरिटेज'चं फार अप्रूप नसतं. पण हेरिटेज म्हणजे फक्त किल्ले आणि लेणी, बाकी सगळं 'जुनं बांधकाम', हे काही पटत नाही. म्हणून गेल्या सुट्टीत लातूर आणि नांदेड, दोन्ही गावांचे जुने भाग पायी फिरले.

सोळा रस्ते, एक गोल

दिल्लीला गेलो की कॅनॉट प्लेसचे फोटो काढतो आपण. गंज गोलाईचे किती काढलेत? विचारा स्वतःला! गोल इमारत, मध्ये अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. हे आपसूक वाढलेलं मार्केट नव्हे, आधी कागदावर आखलेलं आहे. जिल्ह्याच्या सरकारी माहितीत गोलाईच्या इमारतीचं साल १९१७ दिलंय आणि नगररचनाकाराचं नाव फैयाजुद्दीन. दिल्लीचं कॅनॉट प्लेस पुरं झालं १९३३ मध्ये. म्हणजे बघा!

तेव्हा लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी इथवर आली आणि धान्य, गूळ, कापूस बाहेर न्यायची सोय झाली. माल वाढला तसा बाजारही शिस्तीचा हवा होता. गोलाईचं गणित सोपं आहे. एकेका रस्त्याला एकेक धंदा. सोनं इकडं, चपला तिकडं, मिरची आणि गूळ पलीकडं. खेड्यातून पहिल्यांदा आलेला माणूसही हरवत नाही, कारण कुठूनही निघालं तरी परत गोलाईवरच येतो. आजचे मॉलवाले ज्याला फ्लोअर प्लॅन म्हणतात, तो इथं आजोबांच्या काळापासून आहे. हैदराबादी राजवटीतल्या फैयाजुद्दीनांचा नकाशा आणि मधोमध अंबाबाई, हेही आपल्या मराठवाड्याचंच वैशिष्ट्य.

आता त्याच गोलाकडे फ्लेक्स, वायरी आणि दुचाकींच्या रांगांमधून बघावं लागतं. जवळच्याच एका जुन्या दुकानात बसलेले काका म्हणाले, "पावसाळ्यात चार ठिकाणी गळतंय ताई. जुन्या कामाचा गवंडी मिळंना. एक होता, तो गेला पुण्याला मोठ्या साइटवर." म्हणजे माणसंही आपणच पळवली!

त्या पहाटेची भीती

काकांचा मुलगा मात्र थेट म्हणाला, "दगडाचं घर नकोच. किल्लारी आठवत नाही का?" याला हसून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, किल्लारी आणि आसपासची गावं झोपेतच दगडमातीखाली गेली. हजारो माणसं मेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. तेव्हापासून आपल्याकडे दगडी भिंत म्हणजे मृत्यू आणि स्लॅब म्हणजे सुरक्षितता, असं समीकरण पक्कं झालंय.

पण भिंती का पडल्या, हे कुणी सांगतं का? त्या जाड भिंती दिसायला एक, पण असायच्या दोन. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मध्ये माती आणि दगडाचे तुकडे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बऱ्याच ठिकाणी नव्हताच. जमीन हलली आणि थर सुटे झाले. वर माळवदाची माती. पाणी गळू नये म्हणून लोक वर्षानुवर्षं थरावर थर चढवत आलेले, त्यामुळे छताचं वजन प्रचंड. लक्षात घ्यायची गोष्ट ही की, आपल्याकडे घर 'खणां'त मोजतात ते लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यामुळे आणि कित्येक घरांत भिंती पडूनही हा सांगाडा उभा होता.

भूकंपानंतर पडझड कमी झालेल्या गावांत जुनी घरं मजबूत करण्याची कामंही झाली. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे दुवे घालायचे, भिंतींना वरून सलग पट्टा द्यायचा, माळवदावरची जादा माती उतरवायची. काम कष्टाचं आहे, पण होतं. आणि उलट बाजू? २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत काँक्रीटच्या नव्या-कोऱ्या बहुमजली इमारती कोसळल्या. भीती खरी आहे, पण ती दगडाची नको, कच्च्या बांधकामाची हवी.

गोदाकाठी

लातूरहून नांदेड साधारण तीन तास. इथं चित्र वेगळं. गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ मध्ये इथंच देह ठेवला. हुजूर साहिबची आजची वास्तू महाराजा रणजितसिंह यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची तीनशे वर्षं साजरी झाली, तेव्हा जेएनएनयूआरएमच्या पैशांतून शहराचा चेहरामोहराच बदलला. रस्ते रुंद झाले. रुंदीकरणाला माझा विरोध नाही, ट्रॅफिकमध्ये मीही अडकतेच. पण रस्ता वाढतो तेव्हा वाड्याचं पहिलं काय जातं? ओटा, दरवाजा, दर्शनी भाग. उरलेला मागचा तुकडा कुणालाच नको असतो.

गुरुद्वारा मात्र जवळपास दोनशे वर्षांनीही ठणठणीत. का? रोज वापर, रोज झाडलोट, रोज देखभाल. गोलाईही टिकलीय ती तिथं दिवाळीत पाय ठेवायला जागा नसते म्हणून. जुन्या नांदेडात होळी, गाडीपुरा, चौफाळा भागांत फिरताना कुलूप लावलेले दरवाजे दिसले आणि फरक समजला. ज्या घरात चूल पेटत नाही, तिथलं गळणारं छत कुणाच्या लक्षातही येत नाही.

कायदा आहे, यादी कुठंय?

राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा किल्ले-देवळं सांभाळतो. तुमच्या-माझ्या वाड्याला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी शहराची वारसा यादी लागते. मुंबईत १९९५ मध्येच अशी नियमावली आली, इमारतींना ग्रेड मिळाले. राज्यातल्या इतर बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा इमारतींची तरतूद आहे. पण यादीत नाव नसेल तर वाडा म्हणजे निव्वळ जुनं बांधकाम. टीडीआरचा मोबदलाही तेव्हाच कामाचा, जेव्हा गावात तो विकत घेणारा असेल. मालकाला जतनाचा खर्च परवडणार कसा, याचं उत्तर न देता त्याला संस्कृतीवर लेक्चर देणं बरोबर नाही.

सही करण्याआधी पाच प्रश्न

१. इंजिनिअर कोणी आणला? बिल्डरने आणलेला नको. दगडी कामाचा अनुभव असलेल्याकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. घर खरोखर धोकादायक निघालं तर भावनेत अडकू नका, आतल्या माणसांना आधी बाहेर काढा.

२. माळवदावर माती किती? वजन उतरवणं ही पहिली दुरुस्ती.

३. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा झालाय का? ओल आत कोंडते आणि भिंत आतून खराब होते.

४. पाडल्यावर हातात किती उरेल? रस्ता-रुंदी आणि मोकळी सोडायची जागा वजा करून हिशेब मांडा. अरुंद गल्लीत कधी कधी नवी इमारत जुन्या वाड्याहून लहान बसते! मिळकत पत्रिकेवर कोणाकोणाची नावं आहेत, तेही बघा.

५. अर्धा तरी वापरात येईल? लातुरात क्लासेसची हजारो पोरं अभ्यासिका आणि मेस शोधतात, नांदेडात यात्रेकरू खोल्या शोधतात. पुढचा सोपा दुकानाला देऊन मागचं घर राखता येतं.

आणि सगळं करूनही पाडायचंच ठरलं, तर आधी मोजमापं घ्या, फोटो काढा, सागवानी दरवाजे-तुळया भंगारात घालू नका.

वीकएण्ड प्लॅन

शनिवारी सकाळी गोलाई, सोळा रस्त्यांपैकी निदान पाच पायी. दुपारी औशाचा किल्ला, लातूरपासून वीसेक किलोमीटर. रविवारी नांदेड: हुजूर साहिब, लंगर आणि तीन बाजूंनी गोदावरीने वेढलेला नंदगिरी किल्ला. सोबत टेप आणि घरातलं एखादं वडीलधारं माणूस न्या. कोणत्या खणात काय होतं, हे फक्त त्यांनाच माहीत असतं. त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायला विसरू नका.