मुशीतून सुटलेले रुपये

गोंदियाच्या सराफ्यात जुना रुपया आला की तो आधी काट्यावर चढतो, मग दगडी फरशीवर आपटला जातो आणि नशीब जोरावर असेल तर भिंगाखाली येतो. पहिल्या दोन पायऱ्या चांदीसाठी, तिसरी इतिहासासाठी. बहुतेक रुपये दुसऱ्या पायरीवरूनच मुशीत जातात.

ते येतात रोवणीच्या आधी. धानाचं बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं असा खर्च एकदम अंगावर येतो आणि सालेकसा, देवरीकडच्या घरांतून पेटीच्या तळाशी पडलेली चांदी बाहेर निघते. मी दुकानात बसलो होतो तेव्हा एक आजी सुनेला घेऊन आल्या. पदराची गाठ सोडली आणि रुपयांची माळ काचेवर ठेवली. काळ्या गोफात ओवलेले रुपये, प्रत्येकाच्या माथ्यावर डाक देऊन बसवलेली बारीक कडी.

"आजी, गहाण ठेवायचं की मोडायचं?" सराफांनी विचारलं.

"मोडाचंच हाये जी. सासूचे कलदार हायेत, खोटे नाहीत."

कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला रुपया. या भागात धान, लाख, तेंदूपत्ता यांच्या व्यवहारात हाती आलेला रुपया सगळा खर्च होत नसे. चार शिल्लक पडले की सोनाराकडे जाऊन कडी लावून घ्यायची आणि गळ्यात घालायचे. बँक नव्हती तेव्हाची ही बचत. अडीनडीला एकेक रुपया माळेतून उतरत असे.

सराफांनी कड्या न काढता एकेक रुपया काट्यावर ठेवला. टांकसाळीतून निघालेला अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा. १८३५ पासून हिंदुस्थानभर एकच रुपया चालू झाला तो १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. त्यामुळे रुपया हेच सराफाचं वजनही झालं. दुसऱ्या पारड्यात रुपये टाकले की चांदीचे तोळे आपसूक मोजून होत. ऐंशी तोळ्यांचा शेर होतो, हे त्या पिढीला रुपयांवरून ठाऊक होतं. आता सराफ्यात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात.

मग आवाज. रुपया फरशीवर पडला की घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला पाहिजे. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचे रुपये ९१.७ टक्के चांदीचे, त्यांचा आवाज स्वच्छ. माळेतला एक रुपया मात्र बसका वाजला. सराफांनी तो उभा धरून कड दाखवली. दातेरी कडेच्या मधोमध खाच आणि खाचेत बारीक नक्षी. "हा चाळीसनंतरचा. अर्धाच." महायुद्धाच्या काळात चांदी पुरेना म्हणून १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी घातली गेली, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. नकली नाणी पाडणाऱ्यांना आवरण्यासाठी कडेला ती खाच आली. दोन रुपये शेजारी ठेवले तर दिसायला जवळजवळ सारखे, पण एकात दहा ग्रॅमांहून जास्त शुद्ध चांदी आणि दुसऱ्यात सहा ग्रॅमांच्या आत. आजींच्या हिशोबात दोन्ही कलदारच.

तिसरी पायरी आमच्या विनंतीमुळे आली. दुकानात नाणी जमवणारे एक निवृत्त शिक्षक येऊन बसतात. मोड येणार असली की सराफ त्यांना फोन करतात. गुरुजी खिशातून भिंग काढतात, नाणं नेहमी कडेवर धरतात, चेहऱ्याला बोट लावत नाहीत. रिठ्याच्या पाण्यात घासून लख्ख केलेलं नाणं त्यांना नको असतं. शंभर वर्षांचा काळसर थर घासून निघाला की बारीक ओरखडे उरतात आणि जाणत्या गिऱ्हाइकाच्या लेखी किंमत निम्म्याखाली येते. डाक दिलेल्या नाण्याचंही तेच. कडी काढली तरी राजाच्या डोक्यावर डाकाचा डाग राहतो.

त्यांनी पहिला उचलला तो १८६२ सालचा राणीछाप. साल सगळ्यांवर तेच असतं, कारण मुंबईच्या टांकसाळीत १८७३ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ हेच साल राहिलं. खरं वर्ष ठिपक्यांत लपलेलं असतं. गुरुजी भिंग फिरवत ठिपके मोजू लागले. सालाखाली किती, कुठे, यावरून तो रुपया कोणत्या वर्षी पडला ते कळतं. काही ठिपक्यांचे रुपये ढिगानं मिळतात, काहींसाठी संग्राहक वर्षानुवर्षं थांबतात. या रुपयावर दोन ठिपके दिसत होते आणि त्याच्या पुढची जागा झिजून सपाट झालेली होती. तिसरा होता की नव्हता हे आता कोणीच सांगू शकत नाही.

पंचम जॉर्जच्या रुपयावर आधी साल पाहायचं आणि मग राजाच्या झग्यावरची साखळी. १९११ च्या रुपयावर त्या साखळीत हत्ती आहे, पण त्याची सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात नाराजी उठली, सरकारनं नाणं आवरतं घेतलं. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांतले फक्त ७ लाखांच्या आसपास बाजारात गेले होते, उरलेले वितळवले. पुढच्या वर्षी सोंड लांब करून नवा रुपया आला. आजींच्या माळेत १९१२ चे, १९१७ चे, १९१८ चे बरेच होते. १९११ चा एकही नव्हता.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया हे तर संग्राहकाचं स्वप्नच. ९१.७ टक्के चांदीचा तो शेवटचा. पुढच्याच वर्षी मिश्रण बदललं आणि हा रुपया लोकांच्या हातात फारसा पोचलाच नाही. म्हणूनच त्याच्या नकलाही फार. कोणी १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून बदलतं, कोणी साच्यात ओतून नवाच करतं. ओतीव नाण्याच्या पृष्ठावर भिंगातून सुईनं टोचल्यासारखी छिद्रं दिसतात आणि कडेला सांध्याची रेघ असते. गुरुजींनी असे बरेच पाहिलेत, खरा एकदाही हाती लागलेला नाही.

दुर्मीळ नाण्यांची यादी नीट वाचली तर ती वितळवलेल्या नाण्यांची यादी निघते. अमेरिकेचं १९३३ चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं घ्या. ४,४५,५०० पाडली, पण देशानं सोन्याचं चलन बंद केल्यामुळे जवळजवळ सगळी १९३७ मध्ये वितळवली. चोरवाटेनं सुटलेल्यांपैकी खाजगी मालकीसाठी कायद्यानं मोकळं असलेलं एक २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतका आणि तांब्याची शिवराई मात्र आजही बाजारात मिळते, यामागेही धातूचाच हात आहे. सोनं आटवायला सगळ्यांना आवडतं.

उलट आपल्याच विदर्भात हलक्या धातूनं इतिहास वाचवला. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांची मोठी ठेव सापडली. नाणी पोटीनची, म्हणजे तांबं, शिसं, कथील अशा मिश्रणाची. मोडून काही हाती लागेल अशी नव्हेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेल्या राजांची नावं पुढे आली. तीच ठेव सोन्याची असती तर ती मिराशींपर्यंत पोचली असती का, याची मला शंका आहे. नांगराला लागलेल्या मडक्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. पण बातमी तहसिलीपेक्षा मुशीकडे लवकर जाते.

मुशीचा हिशोब कधीकधी साता समुद्रांपलीकडे जाऊन मिळतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांना चांदी पुरेना, तेव्हा १९१८ मध्ये अमेरिकेनं कायदा करून आपले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. बहुतेक चांदी ब्रिटिशांनी इथल्या रुपयांसाठी घेतली. तेव्हा सालेकशाच्या माळेतल्या १९१८-१९ च्या एखाद्या रुपयात डॉलरची चांदी असणं अगदी शक्य आहे. १९४० नंतर सरकारनं व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्जचे चांदीचे रुपये टप्प्याटप्प्यानं चलनातून काढून घेतले आणि तेही आटवले. गळ्यात कडी लावून बसले होते ते वाचले. डाकाचा जो डाग संग्राहकाला खुपतो, त्यानंच नाणं सरकारी भट्टीतून सोडवलं होतं.

आजींच्या माळेत दुर्मीळ असं काही निघालं नाही. गुरुजींनी भिंग मिटलं. सराफांनी भाव सांगितला, आजींनी सुनेकडे पाहून मान हलवली. कड्या तोडल्या गेल्या, रुपये मुशीत पडले, वर टाकणखाराची चिमूट. ज्योत लागली की आधी दातेरी कड ढिली पडते, मग अक्षरं, शेवटी चेहरा. ओतून झाल्यावर साच्यातून निघाली ती लगड.

इथेच मला संग्राहकांशी भांडावंसं वाटतं. चांदीचा भाव चढला की साध्या रुपयाची चांदी त्याच्या संग्रहमूल्याच्या वर जाते आणि साधा रुपया आटवला जातो. आज ज्याला कोणी विचारत नाही, त्यातूनच उद्याचं दुर्मीळ घडतं. शिवाय एकटा रुपया जे सांगू शकत नाही ते माळ सांगते. जमिनीतून ठेव निघाली की अभ्यासक त्यातलं सर्वांत अलीकडचं नाणं आधी शोधतात, कारण ठेव त्याच्या आधी पुरलेली असू शकत नाही. माळेलाही हाच नियम लागू. आजींच्या माळेत १९१७-१८ चे रुपये सर्वांत जास्त होते आणि शेवटचा होता १९४४ चा. एका घरात कधी पैसा आला, कधी थांबला याची ही नोंद होती. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये. त्याआधीच्या कागदांत हा मुलूख भंडारा म्हणून येतो आणि तिथे या घरांचा हिशोब कुठेच नाही.

मोडू नका असं आजींना सांगण्याचा हक्क मला नाही. रोवणी त्यांची आहे. सराफांना मात्र सांगितलं, की मुशीत टाकण्याआधी सगळे रुपये ओळीनं मांडून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि पावतीवर सालं लिहा. "टाइम कोण देते?" असं आधी म्हणाले. पण तोपर्यंत त्यांच्या मुलानं दुसऱ्या गिऱ्हाइकाचे रुपये काचेवर सालवार लावायला घेतले होते.